घरात नवीन कोणी आलं का?

"देवीदासजी, तुम्ही घर व्हा," अंकुर सर म्हणाले.

देवीदास वानखडे खुर्चीतून उठले आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सगळी नोकरी एसटीत काढलेल्या माणसाला, आपल्याला काय व्हायला सांगितलं याचं फारसं काही वाटत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कच्चं का पक्कं?"

"पक्कं. दोन खोल्या, पुढं ओटा."

देवीदासजींनी हात पुढं केले. तो ओटा.

मतदार मित्रांचं प्रशिक्षण चालू होतं. मतदारयादीत नाव घालायचं, काढायचं, पत्ता बदलायचा, यासाठी लोकांना घरोघर जाऊन मदत करणारे स्वयंसेवक म्हणजे मतदार मित्र. अंकुर सर एरवी शाळेत गणित शिकवत आणि हेही ते गणितासारखंच शिकवत होते. प्रत्येक वाक्य 'समजा'पासून. समजा, हे घर आहे. समजा, पायल स्वयंसेवक आहे. पायल खरोखरच स्वयंसेवक होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, प्रमाणपत्रासाठी आलेली. त्यामुळं तिला वेगळं काही समजावं लागलं नाही.

"टक टक," ती तोंडानंच म्हणाली, कारण घराला दार नव्हतं. "नमस्कार. मी मतदार मित्र. घरात अठराच्या वरचे किती जण आहेत?"

"तीन," घर म्हणालं.

"कोणी सोडून गेलं का? कोणी वारलं का?"

"नाई बा."

"घरात नवीन कोणी राहायला आलं का?"

घर गप्प झालं.

अंकुर सरांना वाटलं, घराला पुढचं सुचत नाहीये. ते मदतीला धावले. "घरानं काहीतरी अडचण दिली पाहिजे, नाहीतर पोरगी शिकणार काय? समजा, तुमची लग्न झालेली मुलगी माहेरी आली आहे. कायमची. नाव अजून सासरच्या यादीत आहे. हं, पायल, परत विचार."

"घरात नवीन कोणी राहायला आलं का?"

देवीदासजींच्या कपाळावर घाम आला. हात मात्र त्यांनी खाली घेतले नाहीत, ओटा जिथल्या तिथंच होता.

"आमच्या घराले रंग देनं चालू आहे," ते म्हणाले.

हॉल हसला. सरही हसले आणि फळ्यावर लिहिलं : 'विषय बदलणारी घरे.' मग पायलला म्हणाले, "अशी घरं भेटतात. काय करायचं? न चिडता तोच प्रश्न पुन्हा विचारायचा."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तोवर चहा आला आणि घर सुटलं.

०

गंमत अशी की देवीदासजींचा आवाज अर्ध्या अकोल्यानं ऐकलेला होता. निवृत्त होईपर्यंत ते बसस्टँडवर कंट्रोल रूममध्ये माइकपुढं बसत. कोणती गाडी आली, कोणती निघाली, कोणती उशिरा धावते आहे, हे सगळं ते सांगत. 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' हे शब्द त्यांच्या घशात इतके मुरले होते, की घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी बायकोला, इंदूबाईंना, नोंद घ्यावी लागे. त्यांना हळू बोलता येत नसे. कानात सांगितलेली गोष्ट जठारपेठेच्या चौकात ऐकू जाई.

पोरगी लहान असताना तिचा एक खेळ होता. देवीदासजी ड्यूटीवरून आले, दार वाजवलं, की ज्योत्स्ना आतून विचारायची, "कोनती गाडी?" मग ते बाहेर उभं राहून पूर्ण घोषणा करायचे : बसस्टँडवरून सुटणारी, जठारपेठमार्गे येणारी, भुईमुगाच्या शेंगा घेतलेली जलद गाडी ओट्यावर लागत आहे. तेव्हाच कडी निघायची. सगळी गल्ली हसायची. त्यांना त्याची कधी लाज वाटली नाही.

आता वाटत होती. ज्योत्स्ना मोर्शीला दिलेली. गेल्याच्या गेल्या दिवाळीला ती माहेरी आली. रीतीप्रमाणं भाऊबीज झाल्यावर जावई न्यायला यायला पाहिजे होता. आला नाही. त्यानं परतवाड्याला दुसरा संसार मांडला होता. हे मोर्शीला माहीत होतं, परतवाड्याला माहीत होतं, मधल्या सगळ्या थांब्यांना माहीत होतं. फक्त देवीदासजींनी ते अजून जाहीर केलं नव्हतं.

समोरच्या शकुनबाईंनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ते बोलून गेले, "तिकडं घराले रंग देऊन राहिले. वासानं पोरीचं डोकं दुखते."

बोललं गेलं ते गेलं. रंग चालू राहिला. होळीला चालू होता, पोळ्याला चालू होता, दुसरी दिवाळी झाली तरी चालूच होता. शकुनबाई एकदा म्हणाल्या, "केवढं घर हाय जी ते? कलेक्टर हापिसापेक्षा मोठं असन." देवीदासजींनी गंभीरपणे सांगितलं की आता दुसरा हात चालू आहे.

पहिल्या हिवाळ्यात मोर्शीहून संत्र्यांची एक पेटी आली होती. दुसऱ्या हिवाळ्यात देवीदासजींनी बाजारातून संत्री आणली आणि रिकामी पेटी ओट्यावर लोकांना दिसेल अशी ठेवली.

ज्योत्स्ना हे सगळं बघत होती. ती दाराबाहेर फारशी पडत नसे. बाप मतदार मित्र झाला, ओळखपत्र आणि पांढरी टोपी घेऊन आला, त्या दिवशी मात्र ती पहिल्यांदा समोर येऊन बसली.

"बाबा, अंगनवाडीत मदतनीस घेऊन राहिले. आपल्याच वॉर्डात."

"चांगलं आहे."

"इथलं राहनारं पाह्यजे म्हनते. इथल्या पत्त्याचा कागद लागते. माह्यं सगळं मोर्शीचं आहे. आधी मतदारयादीत नाव इथं आनलं का बाकीचं होते."

देवीदासजी टोपीची घडी घालू लागले. टोपीला मुळात घडी नव्हती.

"नाव इथं आनलं का तिथलं कटते," ते म्हणाले.

"कटू द्या."

"मंग तू परत जाशीन तवा?"

"कोन जाऊन राह्यलं?" ज्योत्स्नानं विचारलं.

इंदूबाई चुलीपाशी असल्यासारख्या गॅसकडं बघत उभ्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "द्या ना तिचा फॉर्म भरून. गल्लीभर भरून राहिले, तिचा काय जड होते?"

"पाहू," देवीदासजी म्हणाले. पाहू म्हणजे गाडी अनिश्चित काळासाठी उशिरा.

०

गल्लीत मात्र त्यांचं काम जोरात निघालं. पद्धत अशी होती : घर पूर्ण झालं की दारावर खडूनं त्या घरातल्या मतदारांचा आकडा लिहायचा आणि खाली बरोबरची खूण करायची. देवीदासजी दार वाजवत नसत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नुसतं म्हणत, "ज्या नागरिकांचं वय अठरा वर्षं पूर्ण झालं आहे, त्यांनी नोंद घ्यावी," की दारं आपोआप उघडत.

समजावूनही छान सांगत. एका म्हाताऱ्याचा पोरगा हैदराबादला नोकरीला. म्हातारा त्याचं नाव काढायला तयार नव्हता. देवीदासजी त्याच्याजवळ बसले. "बुवा, मानूस जिथं झोपते, जिथं जेवते, तिथं त्याचं नाव. आपल्याले वाटते ते घर नाई. तो राह्यते ते घर."

म्हाताऱ्याला पटलं. गल्लीतल्या बऱ्याच जणांना पटलं, कारण ते सगळ्यांना ऐकू गेलं. ते देवीदासजींच्या घरातही ऐकू गेलं. आत ज्योत्स्ना कणीक मळत होती. तिनं हात थांबवला आणि परत मळू लागली.

आणि देवीदासजींच्या स्वतःच्या दारावर पहिल्याच सकाळी आकडा उमटलेला होता. तीन. खाली बरोबरची खूण. देवीदास, इंदूबाई आणि मुलगा गोपाल. गोपाल पुण्याला राहतो, लग्न तिकडंच केलं, चार वर्षांत घरी आलेला नाही. तो मोजला होता. जिनं सकाळी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, ती मोजली नव्हती.

शकुनबाईंनी खूण बघितली. "झालं तुमचं?"

"झालं."

"तीनच?"

"वाचता येते ना तुमाले," देवीदासजी म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपण फारच हळू बोललो. जन्मात पहिल्यांदा.

पण अंकुर सरांचा एक नियम होता. स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही. "आरशात बघून दाढी करता येते," ते म्हणायचे, "गणती करता येत नाही." प्रत्येकाचं घर जोडीदारानं तपासायचं. देवीदासजींची जोडीदार होती पायल. शनिवारी तिचा फोन आला, "काका, उद्या तुमच्याकडं येते. अर्ज द्यायची उद्या शेवटची तारीख आहे ना, मी सगळं घेऊनच येते."

रविवारी इंदूबाई मूर्तिजापूरला भावाच्या घरी लग्नाला गेल्या होत्या. ज्योत्स्नाला नेलं नव्हतं. लग्नात लोक विचारतात.

देवीदासजींनी सकाळपासून तीनदा टोपी घातली आणि काढली. पायल येणार. प्रश्न विचारणार. मग न चिडता तोच प्रश्न पुन्हा विचारणार, तिला तसं शिकवलंच होतं, आणि शिकवताना घर ते स्वतःच होते. दुपारी ज्योत्स्ना मागं न्हाणीघरात कपडे धूत होती. नळ जोरात चालू होता. देवीदासजींनी खुंटीवरचं कुलूप घेतलं, हळूच बाहेर आले, दार ओढलं आणि कुलूप घातलं.

कुलूपबंद घर म्हणजे घरात कोणी नाही. एवढा साधा हिशेब होता. पायल येईल, बघेल, जाईल. तारीख निघून जाईल. ज्योत्स्नाला नंतर सांगता येईल की तारीखच निघून गेली, कोणाचा काही दोष नाही. त्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि इतरांची नावं नोंदवायला निघाले.

दोन घरं झाली असतील. तिसऱ्या घरात एक पोरगी पहिल्यांदा मतदार होत होती, तिच्या फोटोला ते डिंक लावत होते. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी म्हणालं, "देवीदासभाऊ, तुमच्या घरासमोर काय गर्दी आहे जी?"

०

पायल चांगली विद्यार्थिनी होती. सरांनी सांगितलं होतं, कुलूप म्हणजे उत्तर नव्हे. आधी हाक मारा, मग शेजारी विचारा. तिनं हाक मारली, "नमस्कार, मी मतदार मित्र. घरात कोणी आहे का?"

आणि कुलूपबंद घरातून आवाज आला, "आहे की. थांबा, उघडते."

मग आतून दार ओढल्याचा आवाज. परत ओढल्याचा. कुलूप दोनदा हललं. मग काहीच नाही.

देवीदासजी पोचले तेव्हा ज्योत्स्ना खिडकीच्या गजांमागं उभी होती. हात ओले, कोपरापर्यंत साबण. खिडकीबाहेर ओट्यावर संत्र्यांची रिकामी पेटी होती, तिच्यावर पायल बसली होती आणि मांडीवर पॅड घेऊन गजांमधून माहिती लिहून घेत होती. पद्धतशीर. शकुनबाई आणि आणखी चार-पाच जणी समोर. कोणी हसत नव्हतं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, आलात बरं झालं," पायल म्हणाली. "कुलूप कोणीतरी बाहेरून लावून गेलंय."

देवीदासजींनी खिशावर हात ठेवला. किल्ली तिथंच होती. ती इतकी गरम कशी झाली, त्यांना कळेना.

"इंदूबाई गेली तवा कुलूप नोयतं," शकुनबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं."

ज्योत्स्ना बापाकडं बघत होती. रागानं नाही. बसस्टँडवर उशिरा धावणाऱ्या गाडीची माणसं कंट्रोल रूमच्या काचेकडं बघतात, तशी. आतल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि तो सांगत नाही, हे त्यांना कळलेलं असतं.

पायलला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फॉर्म पूर्ण करायचा होता. "काका, ताईंचा पत्ताबदलाचा अर्ज भरतेय. बाकी झालं. घरच्या माणसाला विचारून खात्री करायची असते, म्हणून विचारते." तिनं दारावरच्या आकड्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "इथं तीन लिहिलंय. घरात नवीन कोणी राहायला आलं का?"

देवीदासजींच्या तोंडाशी रंग आला. दुसरा हात, तिसरा हात, आतल्या खोल्या, वरचा मजला, मोर्शीच्या घराला वरचा मजला नव्हता तरी. गजांवर साबणाचा फेस ओघळत होता. पायल थांबली होती. चिडली नव्हती. आता ती परत विचारणार होती.

"आली आहे," देवीदासजी म्हणाले.

ते माइकवरच्या आवाजात निघालं. त्यांचा इलाज नव्हता, दुसरा आवाज त्यांच्याकडं नव्हताच. "ज्योत्स्ना देवीदास वानखडे. मोर्शीहून आली. इथंच राह्यते. परत जानार नाही." गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी चालू होती, तिथला माणूस बाहेर येऊन बघू लागला. "अन् कुलूप म्या लावलं."

हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं.

शकुनबाईंनी पदर सारखा केला आणि उगाच दुसरीकडं बघितलं. इतके दिवस त्या याच वाक्याची वाट बघत होत्या, आता ते मिळाल्यावर कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. हळूहळू एकेक जण निघून गेली.

देवीदासजींनी कुलूप काढलं. ज्योत्स्ना ओट्यावर आली, हात पदराला पुसून तिनं पायलच्या पॅडवर सही केली, कुठं काय ते नीट वाचून. पायल म्हणाली, "ताई, संध्याकाळपर्यंत मी जमा करते." मग पुढच्या घराकडं गेली.

बापलेक ओट्यावर उरले. देवीदासजींनी कुलूप आणि किल्ली तिच्यापुढं धरली.

"घे. तुह्यापाशी ठेव."

ज्योत्स्नानं कुलुपाला हात लावला नाही. "तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली. "मी आतून कडी लावते."

ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

देवीदासजी बंद दारासमोर उभे राहिले. दारावर त्यांच्याच अक्षरातला तीन होता. त्यांनी टोपी काढून तो पुसला. नीट पुसला गेला नाही, जुन्या रंगात पांढरं राहिलंच. त्यावरच त्यांनी खडूनं चार लिहायला घेतलं, मग थांबले. गोपालचा आकडा मनातल्या मनात वजा केला. तीनच आले. त्यांनी पुसलेला तीन परत लिहिला, पहिल्यापेक्षा जरा मोठा. खाली खूण केली नाही. खूण पायलनं करायची होती.

मग त्यांनी दार वाजवलं.

आत नळ बंद झाला. पावलं दाराजवळ आली. आणि ती लहान असताना विचारायची, तेवढ्याच अंतरावरून तिनं विचारलं, "कोन आहे?"

देवीदासजींनी घसा साफ केला. बसस्टँडवरून सुटणारी, जठारपेठमार्गे येणारी; शब्द सगळे पाठ होते. एकही बाहेर आला नाही.

"मी आहो," ते म्हणाले. इतकं हळू, की आत ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

पावलं परत गेली. नळ सुरू झाला. कपडे धोपटण्याचे आवाज येऊ लागले, एकामागं एक, काही घाई नसलेले.

देवीदासजी संत्र्यांच्या पेटीवर बसले. गिरणीवरून दळण घेऊन जाणारा एक ओळखीचा माणूस थांबला. "काहून बाहेर बसले, देवीदासभाऊ?"

त्यांच्याकडं कारणं पुष्कळ होती. घराला रंग देणंही होतं.

"आत कपडे धुऊन राह्यली," ते म्हणाले. "माही पोरगी."

माणूस मान हलवून गेला. देवीदासजी बसून राहिले, मांडीवर कुलूप, हाताला खडू, कडी निघेपर्यंत.